सडपातळ व्यक्तींना फॅट ग्राफ्टिंग करता येते का? चंद्रपूर व गडचिरोलीतील रुग्णांसाठी माहिती

फॅट ग्राफ्टिंग म्हणजे तुमच्याच शरीराच्या एका भागातली चरबी काढून दुसऱ्या भागात भरणे. बसलेले गाल, डोळ्यांखालचे खड्डे, स्तन, नितंब, हाताची पाठ, जुना खोल व्रण अशा अनेक जागी ही पद्धत वापरली जाते. चरबी स्वतःचीच असल्यामुळे ॲलर्जी होत नाही. मात्र ती कुठून तरी काढावी लागते, आणि नेमकी इथेच सडपातळ व्यक्तीची अडचण सुरू होते.

थोडक्यात उत्तर असे. जिथे थोडी चरबी पुरते अशी कामे, म्हणजे चेहरा, हात किंवा व्रण, बहुतेक निरोगी सडपातळ व्यक्तींमध्ये करता येतात. स्तन किंवा नितंब ठळकपणे मोठे करायला लागते तेवढी चरबी बहुतेक सडपातळ शरीरांत नसते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या रुग्णाला मात्र त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: वजन मुळात कमी का आहे? शस्त्रक्रिया करावी की नाही हे बऱ्याचदा याच उत्तरावर ठरते.

शस्त्रक्रियेत काय करतात?

पोट, कंबरेची बाजू, मांडी किंवा गुडघ्याच्या आतल्या बाजूला सुन्न करणारे औषध आणि अ‍ॅड्रिनॅलिन मिसळलेले सलाईन टोचतात. मग कॅन्युला नावाच्या पोकळ, बोथट नळीने चरबी ओढून घेतात. त्यात रक्त, पाणी आणि फुटलेल्या पेशींचे तेलही येते. ते वेगळे करून उरलेली स्वच्छ चरबी अगदी लहान थेंबांच्या रूपात नव्या जागी पेरतात.

'पेरणे' हा शब्द इथे अगदी चपखल आहे. नव्या जागी चरबीला सुरुवातीचे काही दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या प्राणवायूवर ती तग धरते, आणि हा प्राणवायू फार तर एक-दोन मिलिमीटर आत पोहोचतो. एकाच जागी मोठा गोळा भरला तर त्याचा मधला भाग मरतो आणि तिथे तेलाची गाठ किंवा कडक गुठळी होते. पातळ पेरणी केली तरी सगळी चरबी जगत नाही. साधारण निम्मी ते दोन तृतीयांश टिकते असे धरून चालतात, पण काहींमध्ये याहून बरीच कमी टिकते. खरा परिणाम तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. पहिल्या पंधरवड्यात आरशात जो भरलेपणा दिसतो त्यात सूजच जास्त असते.

ही कल्पना नवी नाही. गुस्ताव न्यूबर या जर्मन सर्जनने १८९३ मध्येच दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरचा खोल गेलेला व्रण भरल्याची नोंद आहे. थोडी चरबी, लहान जागा आणि खरी गरज, असे ते काम होते. सडपातळ रुग्णासाठी आजही हेच चित्र सर्वांत अनुकूल आहे.

चरबीचा हिशेब

समजा एका तरुणीचे वजन ४२ किलो आहे आणि उंची १५५ सेंटिमीटर. तिचा बीएमआय साधारण १७.५ येतो. १८.५ पेक्षा कमी म्हणजे वजन कमी. हे काही दुर्मीळ नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या सुमारे दर पाच स्त्रियांमध्ये एक या गटात मोडते.

तिला दोन्ही गाल थोडे भरून हवे असतील तर प्रत्येक बाजूला १० ते १५ मिलिलिटर, म्हणजे एकूण ३० मिलिलिटरच्या आत स्वच्छ चरबी लागेल. ओढलेल्या द्रवातला निम्मा भाग वाया जातो असे धरले तरी ६० मिलिलिटर काढावे लागतील. ओटीपोट आणि मांडीच्या आतल्या बाजूने एवढे सहसा निघते. हे काम होऊ शकते.

तिला स्तनांचा आकार वाढवून हवा असेल तर दर बाजूला किमान २०० मिलिलिटर, म्हणजे एकूण ४०० मिलिलिटर स्वच्छ चरबी हवी. त्यासाठी सुमारे ८०० मिलिलिटर ओढावे लागेल. एवढी चरबी तिच्या अंगावर नाही. आणि ही एका वेळची गरज झाली. चरबीचा काही भाग विरघळणार हे ठरलेले असल्यामुळे मोठ्या कामाला बऱ्याचदा दुसरी फेरी लागते. सडपातळ व्यक्तीची साठवण पहिल्याच फेरीत संपलेली असते.

म्हणून सर्जन केवळ वजनाचा आकडा पाहत नाहीत. उभे करून, बसवून, ठिकठिकाणी कातडी चिमटीत धरून पाहतात. चिमटीत दोन सेंटिमीटरच्या आसपास जाडी आली तर त्या जागेवरून थोडी चरबी घेता येते. ५० किलोच्या एखाद्या बाईच्या मांडीवर पुरेशी चरबी असते, तर त्याच वजनाच्या दुसरीच्या अंगावर कुठेच नसते. फोनवर किंवा फोटो पाहून 'हो, तुमचं होईल' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग आधी वजन वाढवून यावे का?

हा सल्ला सर्रास दिला जातो, पण मला तो पटत नाही. भरलेली चरबी ही शेवटी चरबीच असते. वजन वाढले की ती फुगते, उतरले की आकसते. शस्त्रक्रियेपुरते पाच-सहा किलो वाढवले आणि नंतर पूर्ववत झाले तर गालांतले किंवा स्तनांतले भरलेपणही त्याबरोबर जाते. वाढलेले वजन तुमच्या शरीरासाठी योग्य असेल आणि पुढेही टिकणार असेल तरच थांबण्यात अर्थ आहे. किमान सहा महिने वजन स्थिर असावे.

वजन वाढवण्याच्या गोळ्या आणि पावडरींबद्दल स्पष्टच सांगतो. 'भूक लागते, अंग भरते' म्हणून गावोगावी विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमध्ये डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड असते, कधी सोबत सायप्रोहेप्टाडिन असते. चेहरा गोल दिसू लागतो, पण ती सूज असते. हातापायांचे स्नायू उलट झिजतात, साखर वाढते, जखमा लवकर भरत नाहीत. अशा गोळ्या अनेक आठवडे घेतल्या की शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनणे मंदावते, आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तदाब धोकादायक रीतीने घसरू शकतो. असे काही घेत असाल किंवा घेतले असेल तर सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा. शक्य असल्यास पाकीट दाखवा. नेहमीच्या गोळ्या अचानक बंदही करू नका, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

वजन कमी का आहे?

काही जण जन्मतःच बारीक अंगाचे असतात. वर्षानुवर्षे वजन तेवढेच, भूक चांगली, काम करायची ताकद चांगली, हिमोग्लोबिन ठीक. त्यांच्याबाबत काळजीचे कारण नाही. पण गेल्या सहा-आठ महिन्यांत प्रयत्न न करता वजन उतरले असेल, ४५ किलोच्या माणसाचे दोन-तीन किलो जरी गेले असेल, तर आधी तपासणी आणि मगच चेहऱ्याची चर्चा.

आपल्या भागात सर्वांत आधी विचार करावा लागतो तो सिकलसेलचा. पूर्व विदर्भातल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत, तसेच इतर काही समाजांतही हा आनुवंशिक आजार बऱ्यापैकी आढळतो. सिकलसेलग्रस्त व्यक्ती बहुधा बारीक असते, कारण तांबड्या पेशी सतत तुटत असतात आणि त्या नव्याने बनवण्यात शरीराची ऊर्जा खर्च होते. अशा रुग्णात शरीरातले पाणी कमी पडले, अंग गार पडले किंवा रक्तातला प्राणवायू घटला तर पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन नसा अडवतात. तीव्र वेदनेचा झटका येतो, कधी छातीचा जीवघेणा त्रास होतो. भूल, उपाशीपोटी राहणे, लायपोसक्शनमुळे शरीरातल्या द्रवाचा बिघडणारा तोल, ऑपरेशन थिएटरमधला गारवा, या सगळ्या गोष्टी त्या दिशेने नेणाऱ्या आहेत. सिकलसेलग्रस्त व्यक्तीने केवळ सौंदर्यासाठी ही शस्त्रक्रिया करू नये असे माझे मत आहे. वाहक व्यक्तीला सहसा अडचण येत नाही, पण भूलतज्ज्ञाला आधी माहीत असले पाहिजे.

सोल्युबिलिटी ही साधी चाचणी शासकीय आरोग्य केंद्रात होते. ती पॉझिटिव्ह आली तर ग्रस्त की वाहक हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने ठरते. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानही सुरू आहे. तपासणी झाली असेल तर मिळालेले कार्ड सोबत ठेवा. झाली नसेल तर नागपूरला जायच्या आधी गावाजवळच करून घ्या. लग्न ठरवतानाही तिचा उपयोग आहेच.

दुसरा विचार क्षयरोगाचा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि उतरणारे वजन असेल तर थुंकीची तपासणी करा. उपचार निदान सहा महिने चालतात, आणि ते नीट घेतले की गाल बऱ्याचदा आपोआप भरतात. त्या काळात फॅट ग्राफ्टिंग करणे म्हणजे पैसे आणि चरबी दोन्ही वाया घालवणे.

ॲनिमिया वेगळा सांगायला नको, इतका तो सर्रास आहे. आहारातली लोहाची कमतरता, पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटातले जंत आणि वारंवार येणारा मलेरिया अशी त्याची कारणे एकमेकांत मिसळलेली असतात. महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा कायम मोठा राहिला आहे. ऐच्छिक शस्त्रक्रियेसाठी बहुतेक सर्जनना हिमोग्लोबिन १० च्या वर हवे असते, आणि बारीक व्यक्तीत तर थोड्या रक्तस्रावाचाही परिणाम जास्त जाणवतो. मधुमेह आणि थायरॉइड यांचीही तपासणी व्हावी. मधुमेह जाड माणसालाच होतो हा समज चुकीचा आहे.

एचआयव्हीचे उपचार अनेक वर्षे चालू असलेल्या काही जणांचे गाल स्टॅव्हुडिनसारख्या जुन्या औषधांमुळे खोल गेलेले असतात. त्यांना चेहऱ्यात चरबी भरल्याने खरोखर फायदा होतो. अडचण एवढीच की त्याच औषधांनी हातापायांची चरबीही गेलेली असते, त्यामुळे घ्यायची कुठून हे आधी पाहावे लागते.

गाल बसले आहेत आणि तोंडही उघडत नाही?

हा मुद्दा खर्रा खाणाऱ्यांसाठी. तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला खर्रा वर्षानुवर्षे गालात ठेवला की आतली त्वचा पांढरी, ताठ आणि चामड्यासारखी होते. गाल आत ओढले जातात, तिखट सोसत नाही, तोंड कमी उघडते. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो.

स्वतःच तपासा. तुमची तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात जातात का? जात नसतील तर आधी दंतवैद्य किंवा तोंडाच्या शल्यचिकित्सकाकडे जा. बाहेरून चरबी भरून हा आजार बरा होत नाही. शिवाय तोंड उघडत नसेल तर भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड होते, आणि हा धोका ऑपरेशन टेबलावर लक्षात येणे कोणालाच परवडणारे नाही. दाढा पडल्यामुळेही गाल बसतात. तिथे कवळी हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

फायब्रोसिस नसला तरी निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि पेरलेली चरबी उपाशी मरते. शस्त्रक्रियेच्या आधी किमान चार आठवडे आणि नंतरही तेवढेच दिवस खर्रा, बिडी, सिगारेट पूर्ण बंद हवी. 'फक्त एक पुडी' हीसुद्धा मोजली जाते.

जखमेचे आणि आजाराचे व्रण

या दोन जिल्ह्यांत फॅट ग्राफ्टिंगचा सर्वांत चांगला उपयोग मला इथे दिसतो. मोहफुले किंवा तेंदूपाने गोळा करायला गेलेल्यांवर अस्वलाचा हल्ला होतो तेव्हा जखमा बहुधा डोक्यावर आणि चेहऱ्यावर होतात. जीव वाचतो, टाके निघतात, पण गालाचा किंवा कपाळाचा एक भाग खोल जातो आणि व्रण हाडाला चिकटून ताठ राहतो. अशा व्रणाखाली थोडी चरबी भरली की खळगा वर येतो आणि वरची कातडीही मऊ होते. लागणारी चरबी ५ ते २० मिलिलिटर, त्यामुळे रुग्ण कितीही सडपातळ असला तरी बहुतेक वेळा अडत नाही.

क्रम मात्र पाळावा लागतो. आधी हाडे, पापण्या, ओठ, अश्रुनलिका यांची दुरुस्ती. व्रण पिकायला सहा महिने ते वर्ष. मग चरबी. दोन किंवा तीन फेऱ्या लागू शकतात, त्यामुळे पहिल्याच वेळी सगळी जागा रिकामी न करता चरबी राखून ठेवणारा सर्जन चांगला समजावा. भाजल्यानंतरच्या व्रणांतही हीच रीत आहे.

कुष्ठरोगाचा भार असलेल्या जिल्ह्यांत चंद्रपूर आणि गडचिरोली ही नावे आजही येतात. उपचार पूर्ण झालेल्या काही रुग्णांच्या हातात अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये ठळक खड्डा राहतो. नस खराब झाल्याने तिथला स्नायू झिजलेला असतो. चरबीने तो खड्डा भरता येतो. हाताची ताकद त्याने परत येत नाही, त्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया असते. पण चारचौघांत हात पुढे करताना वाटणारा संकोच कमी होतो, आणि माझ्या दृष्टीने हे कारण पुरेसे आहे.

बारीक शरीरात धोके कुठे वाढतात?

सुन्न करणाऱ्या लिग्नोकेनची मर्यादा वजनावर ठरते. लायपोसक्शनच्या पातळ द्रावणात ती साधारणपणे किलोमागे ३५ मिलिग्रॅम धरतात. ७० किलोच्या व्यक्तीला जे प्रमाण चालते ते ४२ किलोच्या व्यक्तीत विषारी ठरू शकते. वजन अंदाजाने लिहिलेले नको, त्याच दिवशी काट्यावर केलेले हवे.

चरबीचा थर पातळ असला की कॅन्युला कातडीच्या फार जवळून फिरते. तिथे नंतर खड्डे आणि लाटा दिसतात, कातडी स्नायूला चिकटते. गाल सुधारले आणि मांडी बिघडली अशी तक्रार सडपातळ रुग्णांकडूनच जास्त येते. पोटावर हर्निया किंवा जुन्या ऑपरेशनचा व्रण असेल तर नळी आत घुसून आतडे दुखावण्याचा धोका दुर्मीळ असला तरी खरा आहे.

नितंब वाढवण्याच्या शस्त्रक्रियेबाबत मी सर्वांत जास्त सावध करीन. चरबी चुकून स्नायूत आणि तिथल्या मोठ्या शिरेत गेली तर ती थेट हृदय-फुप्फुसात पोहोचते आणि काही मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३००० मागे एक इतके असू शकते असा अंदाज होता. कोणत्याही सौंदर्य शस्त्रक्रियेसाठी ते फारच जास्त आहे. त्यानंतर चरबी फक्त कातडीखालीच भरावी, स्नायूत नाही, असे नियम आले. बारीक व्यक्तीत कातडीखालचा थरच पातळ असल्याने नळी स्नायूत शिरायला फारसे अंतर उरत नाही.

चेहऱ्यातही, विशेषतः भुवयांमध्ये आणि नाकाजवळ, चरबी रक्तवाहिनीत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. हे क्वचित घडते, पण पार्लरमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत हे काम कधीही करून घेऊ नये याचे एवढे कारण पुरे.

कुठे जावे आणि काय विचारावे?

हे काम एम.सीएच. किंवा डीएनबी प्लास्टिक सर्जरी केलेल्या डॉक्टरांकडूनच करावे. त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स या दोन्ही ठिकाणी प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत. अपघात, भाजणे, प्राण्याचा हल्ला किंवा कुष्ठरोग यानंतरच्या व्रणासाठी आधी तिथेच दाखवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. केवळ रूप सुधारण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया योजनेत बसत नाही.

सर्जनना तीन गोष्टी थेट विचारा. माझ्या कोणत्या जागेवरून किती चरबी निघेल? टिकली नाही तर दुसऱ्या फेरीला उरेल का? चरबी पुरत नसेल तर पर्याय काय? स्तनांसाठी सिलिकॉन इम्प्लांट आणि चेहऱ्यासाठी हायल्युरॉनिक ॲसिडचे फिलर हे पर्याय आहेत. फिलर काही महिन्यांनी विरघळतो, पुन्हा खर्च येतो, आणि रक्तवाहिनीत जाण्याचा धोका त्यालाही आहे.

नातेवाइकांना एक विनंती. 'मुलगी फार बारीक दिसते, स्थळ येत नाही' म्हणून तिला घेऊन येणारे पालक भेटतात. डॉक्टरांना तिच्याशी एकटीशी बोलू द्या. तिला स्वतःला हवे नसेल तर शस्त्रक्रिया होत नाही, आणि १८ वर्षांखालील मुलीत केवळ सौंदर्यासाठी ती करूच नये. जेवण टाळणारी, बारीक असूनही स्वतःला जाड समजणारी मुलगी असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या.

घरी परतल्यावर

भामरागड, एटापल्ली किंवा जिवतीहून आलेल्या रुग्णाने तारीख ठरवताना पावसाळा टाळावा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, आणि पहिल्या दोन आठवड्यांत तपासणीला जाता येणे आवश्यक असते. एप्रिल-मेही गैरसोयीचे. चरबी काढलेल्या जागी तीन ते सहा आठवडे घट्ट पट्टा घालावा लागतो. चंद्रपूरच्या ४५ अंशांत तो सहन होत नाही, मग लोक काढून टाकतात. दिवाळीनंतरचे महिने चांगले. पहिले तीन-चार दिवस नागपुरातच किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय करा.

धाप लागणे, छातीत दुखणे, गोंधळल्यासारखे वाटणे, अचानक दिसेनासे होणे, पोट फुगून खूप दुखणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करा. ताप आला तर तो शस्त्रक्रियेचाच असेल असे धरू नका. जखम दाखवा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणीही करा. सगळे बरे झाल्यावर महिना-दीड महिन्याने चरबी भरलेल्या किंवा काढलेल्या जागी लालसर, न दुखणाऱ्या गाठी येऊन त्यातून पाणी झिरपू लागले, तर नीट निर्जंतुक न केलेल्या उपकरणांतून येणारा, क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला संसर्ग असू शकतो. नेहमीच्या अँटिबायोटिकने तो जात नाही, पू तपासायला पाठवावा लागतो.

स्तनात चरबी भरली असेल तर पुढे कधीही सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करताना ते सांगा, कारण तेलाच्या गाठी आणि चुन्याचे कण तपासणीत दिसतात आणि विनाकारण कर्करोगाची शंका येते. डिस्चार्ज कार्डवर चरबी कुठून काढली, कुठे आणि किती मिलिलिटर भरली, भूल कोणती दिली आणि सिकलसेल तपासणीचा निकाल काय, हे लिहून घ्या. त्याची एक प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवून घरी जपून ठेवा.